लाल फडक्यातलं रजिस्टर

श्रोतेहो, नमस्कार.

हायस्कुलात का आलात, असं कुठल्याही शिक्षकाला विचारून बघा. मनापासून उत्तर देणारा असेल तर सांगेल, बी.एड. झालं होतं, जागा निघाली होती, गाव जवळ होतं. मीही असाच आलो. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवायला. वडील म्हणाले, कायमची नोकरी आहे, सोडू नको. तेवढ्या एका वाक्यावर आलो आणि एकतीस वर्षं तिथंच राहिलो. निवडलं एका कारणानं आणि रमलो दुसऱ्याच कारणानं. आजच्या बोलण्यात हेच सांगायचं आहे.

शाळा म्हटलं की लोकांना फक्त शिक्षक दिसतात. आमच्या शाळेतले शिपाईमामा घ्या. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, जांभळीच्या फांदीला टांगलेला. पाचच्या ठोक्याला मामा तो वाजवायचे, मिनिटभरही उशीर नाही. कारण पाच दहाला वाड्यावस्त्यांकडे जाणारी शेवटची एसटी. ती चुकली की पोरींना अंधारात पाच-सहा किलोमीटर चालत जायचं. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, फार चांगली सोय आहे, पण त्या पासाला गाडी वेळेवर मिळाली तर अर्थ. मामांना एकदा निवृत्तीच्या सुमारास विचारलं, तर म्हणाले, "सर, एकबी पोरगी माझ्यामुळं चालत गेली न्हाई." नोकरीचा एवढा चोख हिशोब मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही.

सातारा जिल्ह्यात या कामाची परंपरा जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, ते तुम्हाला मी काय सांगायचं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगच्या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले, हेही घराघरांत माहीत आहे. आणि एक सांगून टाकतो, विषय थोडा बाजूला जाईल. नव्या शिक्षकाला आपण तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर ठेवतो. 2023 पासून माध्यमिकला ते 18,000 रुपये झालं, आधी 8,000 होतं. ज्याच्या हातात आपण आपली पोरं देतो, त्याला घरभाड्याची चिंता घेऊन वर्गात उभं करू नये. मला हे पटत नाही, कधीच पटलं नाही.

तर, निवडलं एका कारणानं, रमलो दुसऱ्या कारणानं. ते दुसरं कारण काय, हे मला आमच्या ऑफिसातल्या भाऊसाहेबांच्या टेबलाशी नीट कळलं. भाऊसाहेब म्हणजे शाळेचे लिपिक. त्यांच्या मागच्या कपाटात जनरल रजिस्टरं, लाल फडक्यात बांधलेली. शाळा सुरू झाल्यापासून दाखल झालेल्या प्रत्येक पोराचं नाव त्यात आहे. नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रगती, वर्तणूक, शाळा कधी सोडली, का सोडली. जुनी पानं शाईच्या टाकानं लिहिलेली, अजून काल लिहिल्यासारखी. बॉलपेनचं अक्षर वीस वर्षांत फिकं पडतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. महत्त्वाचं काहीही शाईनंच लिहावं, घरातल्या पोरांनाही तेच सांगा.

2023 चा जून होता. शाळा नुकतीच भरलेली. मी ऑफिसात बसलो होतो. एक आजी आल्या. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत आधार कार्ड आणि रेशन कार्ड. श्रावणबाळ योजनेचा पगार, म्हणजे म्हातारपणाचं निवृत्तिवेतन, सुरू करायचा होता, त्याला पासष्ट वर्षं पूर्ण झाल्याचा पुरावा लागतो. कुणीतरी म्हणालं होतं, शाळेचा दाखला चालतो.

भाऊसाहेब म्हणाले, "मावशी, शाळेत होता का इथं?"

"व्हते की. आठवीत."

आम्ही दोघंही जरा थबकलो. त्या काळात आमच्या भागात आठवीपर्यंत आलेली मुलगी म्हणजे बोटांवर मोजण्याइतकी. भाऊसाहेबांनी फडकं सोडलं. माहेरचं आडनाव विचारलं, साल विचारलं. साल आजींना सांगता येईना. म्हणाल्या, "दुस्काळाचं साल. सुकडी खायचो ते." बस, तेवढं पुरलं. 1972. पानं उलटत भाऊसाहेबांचं बोट एका ओळीवर थांबलं.

नाव होतं. जन्मतारीख 1 जून 1958. आता ही एक जूनची गंमत तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. नाव घालताना गुरुजी तारीख टाकायचे तीच. आजी म्हणाल्या, "आई म्हनायची, बैलपोळ्याला झालीस." पण पासष्ट पूर्ण होत होती, काम होत होतं.

भाऊसाहेब पुढचे रकाने मोठ्यानं वाचत गेले. प्रवेशाची तारीख. वर्तणूक, चांगली. प्रगती, उत्तम. जानेवारी 1973, सतत गैरहजर म्हणून नाव कमी.

आजी म्हणाल्या, "त्याच्या आदीचं वाच बाबा."

"वर्तणूक चांगली."

"त्याच्या फुडचं."

"प्रगती, उत्तम."

"परत वाच."

भाऊसाहेबांनी परत वाचलं. मग रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं आणि त्या शब्दाखाली बोट ठेवलं. आजींनी स्वतः वाचलं, अक्षर लावून. उ-त्त-म. त्या काही बोलल्या नाहीत. पदराच्या टोकानं नाक पुसलं. मग त्यांनीच सांगितलं, वडील खडी फोडायच्या कामावर होते, आई आजारी पडली, आईच्या जागी ही गेली. गैरहजर का, हे लिहायला त्या रकान्यात जागाच नव्हती.

आणि मग भाऊसाहेब एकदम उठून उभे राहिले. दाखल्याच्या रकान्यात सही नव्हती. आजींनी दाखला कधी नेलाच नव्हता! लोक हरवलेल्या दाखल्याची दुय्यम प्रत मागायला येतात, रोज येतात. इथं मूळ दाखला पन्नास वर्षं मालकिणीची वाट बघत होता. "मावशी, बसा," ते म्हणाले, "हा मूळ दाखला आहे. मूळ!" पंचवीस वर्षं त्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तो आनंद बघून मला कळलं की हा माणूस इथं का रमलाय. आणि माझंही मला कळलं. एखाद्याचं चौदावं वर्ष आपल्याकडे जपून ठेवलेलं असतं. तो माणूस कधी ना कधी ते बघायला येतो, आणि तेव्हा ते काढून द्यायला आपण तिथं असतो.

दाखला तयार व्हायला वेळ होता आणि माझा आठवीवर तास होता. आजींनी विचारलं, "आटवीचा वर्ग तिथंच हाय का, लिंबाखाली?" तिथंच होता. मी म्हटलं, चला. पोरं उभी राहिली, "नमस्ते" म्हणाली. आजी शेवटच्या बाकावर मुलींच्या शेजारी बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन.

मी विभक्तीची उजळणी घेत होतो. द्वितीया म्हणून झाली, स, ला, ते. तृतीयेला पोरं अडखळली. मागून आवाज आला, "ने, ए, शी." सगळा वर्ग मागं वळला. मी म्हटलं, म्हणा मावशी पुढं. त्या बाक धरून उभ्या राहिल्या, पन्नास वर्षांपूर्वी गुरुजींसमोर राहिल्या असतील तशा. "चतुर्थी, स, ला, ते. पंचमी, ऊन, हून. षष्ठी, चा, ची, चे." आणि थांबल्या.

मी म्हटलं, "सप्तमी?"

"ते ऱ्हायलं. तवाच खडीवर गेले."

वर्गात पंखा तेवढा वाजत होता. मग आजींच्या शेजारी बसलेली मुलगी उठली. धनगरवाडीवरून येणारी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी. ती आजींकडे बघून म्हणाली, "त, ई, आ."

"त, ई, आ," आजी म्हणाल्या. परत म्हणाल्या, "त, ई, आ."

दारात भाऊसाहेब उभे होते. हातात दाखला होता, मुख्याध्यापकांच्या सहीची शाई अजून ओली होती, आणि ते तिच्यावर हळू फुंकर घालत होते.