एकाच कारखान्यातले दोन रंग

मंडळी, माझ्या लहानपणी आमच्या भागात ट्रॅक्टरला कंपनीचं नाव नसायचं, रंग असायचा. 'उद्या तांबडा सांगितलाय नांगरटीला' एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला मालक कोण, ड्रायव्हर कोण आणि एकराला भाडं किती, सगळं कळायचं. निळा म्हणजे वरच्या आळीतला. तांबडा चांगला की निळा यावरून पारावर जी भांडणं व्हायची ती आठवली की आता हसू येतं. कारण जगातले काही सगळ्यात मोठे तांबडे आणि निळे ट्रॅक्टर एकाच छपराखाली तयार होतात.

हे छप्पर अमेरिकेत, नॉर्थ डकोटा राज्यातल्या फार्गो गावात आहे. तिथं केस आयएचचा तांबडा स्टायगर बनतो आणि न्यू हॉलंडचा निळा टी-9 पण बनतो. सांगाडा एकच, बोनेट वेगळं, रंग वेगळा. दोन्ही नावं सीएनएच या एकाच कंपनीची. आणि गंमत म्हणजे स्टायगरचा मूळचा रंग यातला कुठलाच नव्हता.

मोठ्या ट्रॅक्टरची गोष्ट मला याच घराण्यापासून सांगायला आवडते. 1957-58 च्या सुमारास मिनेसोटात दोन स्टायगर भाऊ शेती करत होते. त्यांना हवा होता तेवढ्या ताकदीचा ट्रॅक्टर बाजारात मिळेना, म्हणून त्यांनी गाईंच्या गोठ्यात स्वतःच एक जुळवला. शेजाऱ्यांनी बघितला, मलाही एक कर म्हणाले. पुढे कारखाना फार्गोला गेला. ट्रॅक्टरचा रंग पोपटी. चार चाकं सारखी मोठी, मध्ये सांधा, आणि वळताना सबंध ट्रॅक्टरच कमरेत वाकायचा.

स्टायगरनं नुसते स्वतःच्या नावाचे ट्रॅक्टर विकले नाहीत. आलिस-चामर्स, इंटरनॅशनल, फोर्ड यांच्यासाठीही ते ट्रॅक्टर बनवून द्यायचे, ज्याच्या-त्याच्या रंगात. म्हणजे 1970 च्या दशकात अमेरिकेतला एखादा शेतकरी छाती फुगवून 'आमच्या घरात तीन पिढ्या इंटरनॅशनल' म्हणत असेल, तर त्याच्या शेडमधला सगळ्यात मोठा ट्रॅक्टर कदाचित स्टायगरच्या हातचा असायचा. 1986 मध्ये स्टायगरचं दिवाळं निघालं, टेनेको या कंपनीनं ते विकत घेतलं आणि केस आयएचमध्ये घातलं. पोपटी रंग गेला, तांबडा आला.

पुढचा भाग मात्र कादंबरीत लिहिला तर ओढूनताणून आणलेला वाटेल. 1999 मध्ये केस आणि न्यू हॉलंड एक झाले. न्यू हॉलंडकडे तेव्हा कॅनडातल्या विनिपेगचा व्हर्सटाइलचा कारखाना होता, म्हणजे त्यांचा स्वतःचा मोठा ट्रॅक्टर होता. अमेरिकेच्या सरकारनं सांगितलं, दोन्ही तुमच्याकडे राहिले तर स्पर्धा उरत नाही, एक विका. व्हर्सटाइल विकावा लागला. तो आधी कॅनडातल्या ब्यूलरकडे, मग 2007 मध्ये रशियाच्या रोस्टसेलमाशकडे आणि 2023 मध्ये तुर्कस्तानच्या बाशाक कंपनीकडे गेला. पण इकडे निळ्या डीलरांच्या हातात विकायला मोठा ट्रॅक्टरच राहिला नाही. मग काय केलं? फार्गोचा तांबडा निळा रंगवला.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? एकच नाव ठेवा, खर्च वाचेल. मी स्पेअर पार्टच्या धंद्यात आयुष्य काढलं, त्यामुळे याचं उत्तर मला कारखान्यापेक्षा दुकानात जास्त दिसतं. समजा एका तालुक्यात तांबड्याचा एक डीलर आहे आणि निळ्याचा एक. नाव एकच केलं तर एकाची डीलरशिप जाणार. तो काही भजन करत घरी बसत नाही. तो हिरव्याकडे, म्हणजे जॉन डियरकडे जातो, आणि जाताना वीस वर्षांची गिऱ्हाइकं, त्यांच्या ट्रॅक्टरांची सगळी दुखणी पाठ असलेला मेस्त्री आणि उधारीची वही बरोबर घेऊन जातो. शेतकऱ्याचा जीव ट्रॅक्टरवर असतो हे खरंच, पण पेरणीच्या दिवशी हायड्रोलिक बसलं तर तासाभरात कोण येतो यावर तो जास्त असतो. दोन रंग ठेवण्याचा खर्च म्हणजे त्या मेस्त्रीला धरून ठेवण्याचा खर्च. माझं ऐकाल तर ब्रँड म्हणजे बोनेटवरचं स्टिकर नव्हे, डीलरच्या दारापासून तुमच्या बांधापर्यंतचं अंतर.

आपल्याकडे महिंद्रानं हेच केलं. 2007 मध्ये त्यांनी पंजाब ट्रॅक्टर्स घेतली, म्हणजे स्वराज घेतला. 1974 पासूनचं नाव, देशी आराखडा, दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत जन्मलेला. दुसरा एखादा असता तर वर्षभरात स्वराज पुसून टाकला असता. महिंद्रानं नाव ठेवलं, रंग ठेवला, डीलरही वेगळे ठेवले. आज दोन भाऊ एकमेकांशी भांडल्यासारखं विकतात आणि पैसे एकाच घरात जातात. चेन्नईच्या टाफे कंपनीनं 2005 मध्ये आयशरचे ट्रॅक्टर घेतले तेव्हा तेही याच वाटेनं गेले.

सगळेच असे वागत नाहीत. आगको ही अमेरिकी कंपनी म्हणजे नावांचं अडगळीचं माजघर. 1990 मध्ये सुरू झाली आणि घेतच सुटली. मॅसी फर्ग्युसन घेतलं, जर्मनीचं फेंट घेतलं, फिनलंडचं वाल्ट्रा घेतलं. 2002 मध्ये कॅटरपिलरकडून चॅलेंजर घेतला. मोठ्या ट्रॅक्टरला रबरी पट्ट्यावर चालवण्याचं श्रेय बहुतांशी या चॅलेंजरला जातं. 1980 च्या दशकातला, पिवळाधमक. पंधरा-एक वर्षांनी आगकोनं ठरवलं की महागड्या गिऱ्हाइकासमोर फेंट हे एकच नाव चमकवायचं, आणि मिनेसोटातल्या जॅक्सनमध्ये बनणारा पट्ट्याचा ट्रॅक्टर पिवळ्याचा हिरवा झाला. यंत्र तेच. मला हा निर्णय धाडसाचा वाटतो, पण ज्यांनी पिवळा घेऊन ठेवला होता त्यांचा पुढचा विकत घेणारा त्यांना काय भाव देईल, हा विचार कुणी केला असेल असं वाटत नाही.

आणि नावाची किंमत किती, हे बघायचं तर मॅसीचं बघा. 1961 पासून हीच टाफे भारतात मॅसी फर्ग्युसन बनवते. 2024 मध्ये आगकोनं नाव वापरण्याचा करार मोडला, कोर्टकचेरी झाली, आणि 2025 च्या जुलैत तडजोड झाली. आगकोनं टाफेतला आपला हिस्सा 26 कोटी डॉलरला परत द्यायचा आणि भारत, नेपाळ, भूतानमध्ये मॅसी हे नाव टाफेच्या मालकीचं. साठ वर्षं दुसऱ्याचं नाव गावोगावी रुजवल्यावर ते कुणाचं, हा प्रश्न होता. शेवटी जिथं रुजवलं तिथं ते रुजवणाऱ्याकडे राहिलं.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. ट्रॅक्टर एवढा मोठा होतो कशासाठी? जॉन डियरचा 2024 मध्ये आलेला 9आरएक्स 830 एचपीचा आहे. आपल्याकडच्या पंचेचाळीस एचपीच्या अठरा ट्रॅक्टरांची ताकद एका बोनेटखाली. याच्याही आधी, 1977 मध्ये, माँटाना राज्यातल्या हावर गावात बिग बड 747 बनला होता. सुरुवातीला 760 एचपी, पुढे वाढवत हजारावर नेला. त्याच्यामागं ऐंशी फूट रुंद अवजार. तासाला आठ मैल चालला तर मिनिटाला एक एकराहून जास्त रान होतं. मी बोलायला उभा राहिल्यापासून तुमच्यातल्या दोन-तीन जणांची रानं झाली असती.

लोकांना वाटतं ही हौस आहे. हौस थोडी आहेच, नाही असं नाही. पण खरं कारण घात, म्हणजे पेरणीला जमीन नेमकी तयार असण्याची वेळ, हे आहे. नॉर्थ डकोटात बर्फ वितळलं, जमीन वाफशावर आली, की पेरणीला मोजके दिवस मिळतात. आणि तेवढ्यात काम उरकायला ड्रायव्हर नाहीत. गावं रिकामी झाली आहेत. हजारो एकर आणि दोन माणसं. मग त्या दोन माणसांचा एक-एक तास जेवढा रुंद करता येईल तेवढा करायचा. मोठा ट्रॅक्टर म्हणजे कमी पडणारा ड्रायव्हर लोखंडात भरून काढणं.

पण लोखंडाला वजन असतं. 2022 मध्ये केलर आणि ओर या दोन संशोधकांनी लिहिलं की मळणी करणारं कंबाइन 1958 मध्ये धान्यासकट सुमारे 4 टनांचं होतं, ते 2020 मध्ये 36 टनांवर गेलं. आणि ही यंत्रं आता लांब मानेच्या अजस्र डायनोसॉरांच्या वजनाला टेकली आहेत. टायर रुंद केले, पट्टे लावले, त्यानं वरची जमीन वाचते. खाली फूट-दीड फुटावर मात्र एकूण वजनच लागतं, आणि तिथं एकदा थर दबला की तो नांगरानं सुटत नाही. आपल्याकडे उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या ओल्या रानातून काढल्यावर पुढच्या खोडव्याचं काय होतं, ते इथं बसलेल्यांना मी सांगायला नको.

आता ड्रायव्हर गेला तर? 2022 च्या जानेवारीत जॉन डियरनं बिनड्रायव्हरचा 8आर ट्रॅक्टर दाखवला. शेतकरी बांधावर नाही, घरी, हातात फोन. इथं सगळं गणित उलटं होतं. ट्रॅक्टर मोठा होता कारण माणूस कमी होता. माणूसच लागत नसेल तर एका 800 एचपीच्या जागी चार दोनशेचे का नकोत? रात्रभर चालतील, हलके असतील, एक बंद पडला तरी तीन चालू. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमध्ये, स्वार्मफार्म नावाची कंपनी छोट्या यंत्रांनी औषध फवारायला लागलीच आहे.

मला विचाराल तर मोठा ट्रॅक्टर मरणार नाही, पण त्याची कामं त्याच्या हातून एक-एक करून निसटतील. फवारणी आधी जाईल, मग पेरणी. खोल नांगरट शेवटपर्यंत त्याच्याकडे राहील, कारण ओढायला वजन लागतं. हलक्या ट्रॅक्टरला कितीही एचपी द्या, चाकं जागच्या जागी फिरतील. म्हणजे 830 एचपीचा ट्रॅक्टर वर्षातले काहीच दिवस कामाचा, आणि त्याचे हप्ते बाराही महिने.

कंपन्यांना हे माहीत नाही असं समजू नका. म्हणून तर त्यांनी लोखंडापेक्षा मेंदूवर पैसे ओतलेत. डियरनं 2017 मध्ये ब्लू रिव्हर घेतली, तण बघून तेवढ्यावरच फवारणारी. 2021 मध्ये बेअर फ्लॅग घेतली, बिनड्रायव्हरवाली. सीएनएचनं अशाच तंत्राच्या रेव्हन कंपनीसाठी 210 कोटी डॉलर मोजले. डियरनं तर जाहीर सांगितलं की 2030 पर्यंत उत्पन्नातला दहावा हिस्सा दरवर्षी येत राहणाऱ्या वर्गणीसारख्या पैशातून काढायचा. म्हणजे ट्रॅक्टर घ्या एकदा आणि त्याच्या डोक्याचं भाडं भरा कायम.

आगकोनं वेगळा डाव टाकला. 200 कोटी डॉलर देऊन त्यांनी 2024 मध्ये जीपीएसवाल्या ट्रिंबल कंपनीच्या शेती विभागाचा मोठा हिस्सा घेतला आणि म्हणाले, आमचं किट कुठल्याही रंगाच्या ट्रॅक्टरवर बसेल. तुमचा जुना हिरवा असू दे, तांबडा असू दे. जी कंपनी नावांवर जगली, तीच म्हणते की रंगाचं आम्हाला काही नाही! यातला कोण जिंकेल हे मी छातीठोक सांगणार नाही. पण हातात जुना ट्रॅक्टर असलेल्या शेतकऱ्याला दुसरा डाव परवडतो, हे उघड आहे.

आणि तो मेस्त्री, ज्याच्यासाठी दोन रंग ठेवले होते, त्याचं काय? आता बिघाड पान्यानं नाही, लॅपटॉपनं सुटतो, आणि लॅपटॉपातलं सॉफ्टवेअर कंपनी सगळ्यांना देत नाही. कोलोरॅडो राज्यानं 2023 मध्ये शेती यंत्रांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगानं याच मुद्द्यावर डियरवर खटला भरला. तिथल्या शेतकऱ्यांचा राग ट्रॅक्टर महाग आहे म्हणून नाही. उभ्या पिकात यंत्र बंद पडलंय, स्वतःला दुरुस्त करता येतं, आणि तरी करू देत नाहीत, हा तो राग आहे.

आपल्याकडे आकाराचं गणित सरकारच्या एका रेघेनं ठरवलं. 1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला धुराचे कडक नियम लागले. इंजिनात सेन्सर आले, इंजिन महागलं. लगेच 49 एचपीच्या ट्रॅक्टरांना बहर आला, जाहिरातीत एचपी बारीक अक्षरात आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मोठ्या. कारखाने आपल्या दारात आहेत, पुण्याजवळ सणसवाडीला डियर, चाकणला सीएनएच. आणि चाकणला ऊसतोडणी यंत्रही बनतं. आपल्याकडे ज्या कामाला माणूस मिळेनासा झाला ते काम ते, म्हणून मोठं यंत्र तिथं आलं.

मगाशी एकानं चिठ्ठी पाठवली आहे: 'साहेब, पंचावन्नचा घेऊ की एकोणपन्नासचा?' पंचावन्नचा घ्यायचा तर आधी एक करा. डीलरकडे जा, पण शोरूममध्ये नको. मागं वर्कशॉपात जा. तिथल्या मेस्त्रीला विचारा, या इंजिनचा सेन्सर गेला तर तुझ्याकडे लॅपटॉप आहे का, की पुण्याहून माणूस येतो. आणि पुण्याहून येत असेल, तर दिवाळीच्या आधी तो किती दिवसांनी आला होता, तेही विचारा.