आधी मीटर, मग पाना

फोंड्यात सकाळपासून पाऊस. गॅरेजच्या पत्र्यावर असा वाजतोय की इंजिन चालू की बंद, ते बॉनेटला हात लावून कळतं.

डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा. गणेशचवथ तोंडावर आलीय, गाडीवाल्याला पेडण्याला घरी जायचंय. "मेस्त, ऑक्सिजन सेन्सर नवा घाला आणि सोडा मला." याआधी दुसरीकडे प्लग बदलून झाले, इंजेक्टर साफ करून झाले. दिवा तसाच.

स्टिअरिंगखाली स्कॅनर लागतो. कोड येतो पी०१३५: पुढच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट. नीट ऐका, सर्किट! त्यात फ्यूज आला, वायर आली, कनेक्टर आला. आणि पावसाळ्यात उबेला बॉनेटखाली शिरणारे उंदीरही आले. मेस्त आधी फ्यूज काढून उजेडात धरतात. शाबूत आहे. वायरवर बोट फिरवत कनेक्टरपर्यंत जातात, तो सोडवतात. चावी ऑन, इंजिन चालू. गाडीकडच्या बाजूला १२ व्होल्टच्या वर येतायत. आता सेन्सरकडच्या चार वायरींतल्या एका रंगाच्या दोन. तिथे मीटरने रोध मोजला तर काही ओहम दिसायला हवेत. मीटर काहीच दाखवत नाही. हीटर तुटलाय.

हा हीटर हवा कशाला? सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो, त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. सेन्सरच्या टोकाला झिरकोनिया नावाचं सिरॅमिक असतं, ते साधारण ३०० अंशांना तापल्याशिवाय बोलत नाही. १९७६ मध्ये बॉशचा पहिला सेन्सर व्होल्वोत बसला, तेव्हा त्यात हीटर नव्हता, धुरानेच तापायचा. आता हीटर काही सेकंदांत तापवतो. तोवर कॉम्प्युटर अंदाजाने पेट्रोल सोडतो.

आता पाना. बावीस नंबरचा, वायरीसाठी चीर असलेला. आटे गंजलेले; गंज सोडवणारं तेल मारून चहा होईपर्यंत थांबायचं. एक कर्र आवाज, आणि सुटला.

नवा सेन्सर टोकाला बोट न लावता, आधी हातानेच फिरवत बसतो. आटे मोडले तर इंजिनातून धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्डच उतरवावा लागेल.

इंजिन तापतं. स्कॅनरच्या स्क्रीनवर सेन्सरची रेघ ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये वरखाली नाचू लागते. मेस्त कोड पुसतात.

जुना सेन्सर असाच चालवला असता तर गाडीने पेट्रोल जास्त खाल्लं असतं, पुढे धूर साफ करणारा कॅटकॉनही जातो.

गाडीवाला जुना सेन्सर मागून घेतो, वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि पावसात गाडी मागे घेतो.