बेकरीतलं यीस्ट आणि आईवरचा आळ

श्रोतेहो, नमस्कार. बेळगाव, निपाणी, खानापूर, जिथं कुठं रेडिओ लावून बसला असाल तिथल्या सगळ्यांना.

मी कॉलेजात बायोलॉजी शिकवते. मागच्या वर्षी खानापूर तालुक्यातली एक बाई भेटायला आली, मांडीवर आठ महिन्यांचं पोर, मान धरत नव्हतं, केस पांढुरके आणि हात लावला की तुटणारे. डॉक्टरांनी कागदावर मेंकेस असं आजाराचं नाव लिहून दिलेलं. आणि सासरची माणसं म्हणतात, तुझ्या माहेरच्या रक्तातच खोट हाय. ते ऐकून मला झोप नाही आली बघा, म्हणून आज बोलतेय.

आपल्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, शाळेत तंतुकणिका म्हणून शिकलेलो आपण. पेशीची चूलच की ती. आपण श्वास घेतो त्यातला ऑक्सिजन बहुतेक तिथंच खर्च होतो, आणि अगदी शेवटच्या पायरीला जे एन्झाइम लागतं, सायटोक्रोम ऑक्सिडेज, त्याला तांबं लागतं. मेंकेसमध्ये आतड्यातनं तांबं रक्तात नीट जातच नाही, मग मेंदूपर्यंत कुठनं पोचणार. तांब्याच्या भांड्यातलं पाणी पाजून भागत नाही ते म्हणूनच, कारण दारच बंद.

आता हे सगळं कळलं कसं? यात बेकरीतल्या यीस्टचा हात मोठा आहे, पावाच्या पिठात घालतात तेच. या यीस्टची एक गंमत सांगते. साखर दिली की त्याची मायटोकॉन्ड्रियाची चूल बंद असली तरी ते जगतं, आंबवून काम चालवतं. पण ग्लिसरॉल दिलं तर ते आंबवता येत नाही, मग मात्र चूल पेटलेली पाहिजेच. म्हणजे एकेक जीन, जनुक हो, मोडायचा, तेच यीस्ट दोन प्लेटांवर लावायचं, साखरेवर वाढलं आणि ग्लिसरॉलवर नाही वाढलं की समजायचं, हा जीन चुलीचा होता. माणसात असं करून बघता येत नाही, चूल विझली तर माणूसच राहत नाही. बोरिस एफ्रुसी नावाच्या शास्त्रज्ञानं 1940 च्या दशकात पॅरिसमध्ये अशाच चूल विझलेल्या यीस्टच्या बारक्या बारक्या वसाहती ओळखल्या, त्यांना पेटिट म्हणतात. 1996 मध्ये यीस्टचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून झाला, सुमारे 6,000 जीन्स, त्यानंतर तर कामाला वेगच आला.

टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीत विशाल गोहिल यांच्या लॅबनं तांब्याचा जीन बिघडलेलं असंच यीस्ट घेतलं, त्याला एलेस्क्लोमॉल दिलं, मूळचं कॅन्सरसाठी तपासलेलं औषध, ते तांब्याला पाठीवर घेऊन आत नेऊन सोडतं, आणि यीस्टची चूल परत पेटली. ते 2018 मध्ये छापून आलं. 2020 मध्ये मेंकेससारखा आजार असलेल्या उंदरांवर केलं तर मरणारी पिल्लं जगली. उंदरं जगली म्हणजे लगेच आपल्या पोरांचं औषध झालं असं नाही हं, पण रस्ता सापडला.

आता आईवरच्या आळाचं. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए आईकडनंच येतो, खरं आहे, पण तो केवढा? 16,569 अक्षरं, 37 जीन्स, आणि त्यातनं प्रोटीन्स फक्त 13. चुलीतली बाकी हजारभर प्रोटीन्स केंद्रकातल्या डीएनएमधनं येतात, म्हणजे आई आणि बाप दोघांकडनं. आणि आपल्याकडं मामाच्या पोरीशी लग्न लावायची रीत आहे, तेव्हा तोच बिघडलेला जीन दोन्ही बाजूंनी यायची शक्यता वाढते, मग खोट कुणाच्या रक्तात म्हणायची? मेंकेसचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो, आईकडनं मुलाला येतो हे बरोबर, पण कधी कधी तो आईत बिघडलेला नसतोच, पोरात नव्यानं बिघडतो. आणि आईत बिघडलेला असला तरी तिनं तो काय मागून घेतला होता?

पुढच्या खेपेला ती नवऱ्याला घेऊन आली. मी त्याला लॅबमध्ये नेऊन पेटिट यीस्टच्या दोन प्लेटा दाखवल्या, साखरेवर पांढरे ठिपके, ग्लिसरॉलवर काहीच नाही. तो बराच वेळ त्या रिकाम्या प्लेटीकडं बघत राहिला, मग म्हणाला, मॅडम, हिच्या बहिणीला दिवस गेलेत, तिची तपासणी करायची काय? मी म्हटलं, आजच डॉक्टरांना फोन लावा, रक्ताची जीन टेस्ट होते, थांबू नका.