हत्ती ई६वर

बुद्धिबळाच्या पटाकडे काळ्याच्या बाजूने बघा. डी४ आणि ई५ या घरांवर (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा) पांढऱ्याची दोन प्यादी मध्यावर खांद्याला खांदा लावून उभी आहेत. मागे दोन हत्ती आणि दोन उंट. ही प्यादी पुढे सरकली, की काळ्याचं काही खरं नाही.

झुरिक, १९५३. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी कँडिडेट्स स्पर्धा. पांढरी मोहरी सॅम्युएल रेशेव्हस्कीकडे. काळी, २४ वर्षांच्या तिग्रान पेट्रोसियनकडे.

अशा वेळी आपला हात शह द्यायला शिवशिवतो. बचाव म्हणजे नुसतं मागे सरकणं, असंही वाटतं. या डावात बचाव सुरू होतो तो एका घरापासून: डी५. सी६वरचा घोडा तिथे बसला तर दोन्ही प्यादी जागच्या जागी थिजतात. त्याला हुसकून लावायला पांढऱ्याकडे एकही प्यादं नाही.

पण घोड्याची वाट ई७वरून जाते, आणि तिथे काळ्याचाच हत्ती अडून बसलाय. तो भलतीकडे हलवला, तर ई५चं प्यादं ई६वर घुसणार.

२५वी चाल. हत्ती ई६वर. सरळ उंटाच्या तोंडी!

मला या चालीचं कौतुक कधी सरत नाही. हत्तीची किंमत पाच प्याद्यांएवढी, उंटाची तीन. हा तोटा पेट्रोसियनने समजून उमजून पत्करला. रेशेव्हस्कीने हत्ती घेतला. एफ७चं प्यादं उंट मारून ई६वर आलं आणि तेच डी५वरच्या घोड्याचा आधार झालं. आता पांढऱ्याचे हत्ती आपल्याच प्याद्यांमागे कोंडले गेले. मोहऱ्यांची किंमत ते कुठे उभे आहेत त्यावर ठरते, हे इथे डोळ्यांना दिसतं.

सराव करायचा असेल तर प्रत्येक चालीआधी थांबा. समोरच्याला लागोपाठ दोन चाली मिळाल्या, तर तो काय करेल? ती योजना कोणत्या घरावर अडते? तिथे आपलं कोणतं मोहरं पोहोचू शकतं, आणि वाटेत कोण आहे? उत्तर सापडेपर्यंत प्यादी उगाच ढकलू नका. प्यादं मागे घेता येत नाही.

पुढे ३०व्या चालीला रेशेव्हस्कीने स्वतःचा हत्ती देऊन उंट घेतला. ४१व्या चालीला डाव बरोबरीत सुटला. दहा वर्षांनी, १९६३मध्ये, पेट्रोसियनने मिखाईल बोटविनिकला हरवून जगज्जेतेपद मिळवलं.