शिक्षा सुनावली, पण ती अमलात कोण आणणार?

नमस्कार श्रोतेहो.

मराठीत आता अद्भुतकथा लिहिणाऱ्यांची नवी पिढी उभी राहते आहे, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. या कथांमधली राज्यं देखणी असतात. त्यांचे नकाशे असतात, वंशावळी असतात, जादूचे नियमही बारकाईने ठरवलेले असतात. पण दरबार भरला आणि गुन्हेगार समोर आला, की बहुतेक कथांत एकच प्रसंग घडतो. राजा म्हणतो, ‘टाका याला अंधारकोठडीत!’ शिपाई त्याला घेऊन जातात आणि तो माणूस कथेतून नाहीसा होतो.

आज मला बोलायचंय ते या नाहीशा झालेल्या माणसाबद्दल. त्याला रोजची भाकरी कोण घालतं? त्याच्या दारावर पहारा कोण देतं, आणि त्या पहारेकऱ्याचा पगार कुठून येतो? आणि ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याचा भाऊ मारला गेला, त्याच्या पदरात काय पडतं?

माणसाला वर्षानुवर्षं कोंडून ठेवणं हे फार खर्चाचं काम आहे. तुरुंगवास हीच मुख्य शिक्षा, ही रीत जगात गेल्या दोन-अडीचशे वर्षांत रुळली. त्याआधी कोठडी असे ती बहुधा निवाडा होईपर्यंत माणूस पळू नये म्हणून, किंवा राजकैद्यांसाठी. पेशवाईत कैदी डोंगरी किल्ल्यांवर ठेवत. पण गावोगावी किल्ला कुठून आणणार? म्हणून मी नव्या लेखकांना सांगतो, आधी तुमच्या राज्याची ताकद मोजा. शिपाई किती, धान्य किती, राजाचा हुकूम किती कोसांपर्यंत चालतो? शिक्षा त्यातूनच ठरते.

ही गोष्ट सगळ्यात स्पष्ट दिसते ती जुन्या आइसलँडमध्ये. तिथे इसवी सन ९३० च्या सुमारास आल्थिंग नावाची सभा सुरू झाली. दर उन्हाळ्यात थिंगवेलिरच्या मोकळ्या मैदानावर, खडकांच्या कड्याखाली लोक जमत. कायदे पाठ असलेला एक अधिकारी निवडला जाई आणि तो दर वर्षी एक तृतीयांश, असे तीन वर्षांत सगळे कायदे लोकांना म्हणून दाखवी. कायदा होता, न्यायसभा होती, वाद घालण्याचे काटेकोर नियम होते. मात्र राजा नव्हता, फौज नव्हती, कोतवालही नव्हता. निकाल लागला तरी तो अमलात आणायचा कोणी? ज्याने खटला जिंकला त्यानेच!

मग अशा समाजाने शिक्षा कोणती शोधली? बहिष्कृत करण्याची. सौम्य शिक्षा असेल तर तीन वर्षं देशाबाहेर. कडक असेल तर त्या माणसाची मालमत्ता गेली, त्याला अन्न किंवा आसरा देणं गुन्हा ठरलं, आणि त्याला कोणी ठार मारलं तरी त्याची दाद-फिर्याद नाही. इथे राज्याला एक पैसाही खर्च नाही. कायद्याने फक्त आपलं छत्र काढून घेतलं. आणि एका शिक्षेतून केवढी गोष्ट उभी राहते पाहा. एरिक द रेड या माणसाला सन ९८२ च्या सुमारास अशीच तीन वर्षांची हद्दपारी झाली. तिथल्या जुन्या कथा सांगतात, की ती वर्षं त्याने ग्रीनलंडचा किनारा धुंडाळण्यात घालवली, आणि पुढे तिथे वस्ती नेली.

पण याच व्यवस्थेत एक मोठी खोट होती. जिंकणाराच शिक्षा देणारा असेल, तर दुबळ्याने जिंकून करायचं काय? त्याला बलवान सरदाराच्या पाठीशी उभं राहावं लागे. तुमच्या कल्पित राज्यात अशी खोट जरूर असू द्या. कथा तिथेच जन्म घेते.

आता आपल्या मुलखात या. रायगडचं टकमक टोक आणि हत्तीचा पाय आपल्या डोळ्यांपुढे लगेच उभे राहतात, आणि लेखकही तेच उचलतात. मला मात्र गावची गोतसभा जास्त मोलाची वाटते. वतनाचा, शिवेचा तंटा निघाला की पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि आसपासच्या गावांतले जाणते बसत. वादी-प्रतिवादी ‘सभेचा निवाडा मान्य करू’ असा राजीनामा, म्हणजे संमतीचा कागद, लिहून देत, जामीन देत. निवाड्याचा कागद म्हणजे महजर. त्यावर ज्यांना सही करता येत नसे ते आपली निशाणी काढत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, चांभाराची रापी. अख्खं गाव त्या कागदावर साक्षीला उभं! एखाद्या अद्भुतकथेत असा कागद कोणी दाखवला, तर वाचक त्या राज्यावर डोळे मिटून विश्वास ठेवेल. पैशाचा हिशेबही लक्षात घ्या. जिंकणाऱ्याने सरकारला हरकी, म्हणजे जिंकल्याच्या आनंदाची रक्कम, भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी, म्हणजे दंड. म्हणजे निकाल कुठेही झुको, सरकारच्या तिजोरीत भर पडणारच. या एका रिवाजात लोभाला किती जागा आहे!

पण जुनं म्हणून ते गोड मानू नका. त्या काळी एकाच गुन्ह्याला सगळ्यांना एक शिक्षा नव्हती. ब्राह्मणाला सहसा देहान्त होत नसे. आणि गावाकडे तुरुंगापेक्षा भयंकर हत्यार होतं, ते म्हणजे वाळीत टाकणं. विस्तव बंद, पाणी बंद, लग्नकार्य बंद, मयताला खांदा बंद. आइसलँडच्या सौम्य बहिष्कारात निदान दूर निघून जाण्याची वाट होती. इथे त्याच आळीत, त्याच माणसांसमोर जगायचं. जातपंचायतींनी हे आपल्या काळापर्यंत चालवलं, आणि महाराष्ट्राला त्याविरुद्ध २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा करावा लागला. म्हणून कल्पित राज्यात बहिष्काराची शिक्षा ठेवणार असाल, तर त्या घरातल्या लहान मुलाच्या जागी उभं राहून एक पान तरी लिहा. ते मूल गुन्हेगार नाही, शिक्षा मात्र तेही भोगतं.

आता जादूकडे वळतो. लेखक म्हणतात, ‘आमच्याकडे मनातलं ओळखणारा जादूगार आहे, मग न्याय सोपाच!’ श्रोतेहो, हा प्रयोग माणसाने खरोखर करून पाहिला आहे. आपल्याकडे रवा दिव्य होतं. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, हात पिशवीत घालून मोहोर करायची, आणि तिसऱ्या दिवशी पिशवी उघडून पाहायचं. हात शाबूत असेल तर देवाने कौल दिला. युरोपातही अशा अग्निपरीक्षा होत्या. १२१५ साली रोममधल्या लॅटरन या धर्मपरिषदेने पाद्र्यांना त्यांत भाग घ्यायला मनाई केली, आणि इंग्लंडच्या न्यायाधीशांपुढे पेच पडला, की आता खरं-खोटं ठरवायचं कसं? त्या पेचातून शेजाऱ्यांची ज्युरी पुढे आली. तुमच्या राज्यात एके दिवशी जादू थांबली तर? मला अशी कथा वाचायला फार आवडेल.

आणि जादू थांबली नाही, तरीही काम सोपं होत नाही. पाटीलकीचा वाद घ्या. दोन भाऊबंद, दोघांच्याही घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की वडीलपण आपलंच. जादूगार दोघांची मनं पाहील आणि म्हणेल, ‘दोघंही खरं बोलताहेत.’ कारण दोघंही मनापासून तेच मानतात. इथे गुन्हेगार नाही, खोटारडा नाही. जादूगाराचं काम संपलं आणि सभेचं सुरू झालं. आपल्याकडे अशा वेळी पाटीलकीच्या दोन वाटण्या करत, थोरली आणि धाकटी, आणि मग मान बारकाईने वाटत. होळीला पहिली पोळी कोणाची, पोळ्याला कोणाचा बैल पुढे, विडा आधी कोणाला, शिरपाव कोणाला.

तुमच्या राज्याचा पहिला खटला असाच असू द्या. राजाच्या खुनाचा नको, दोन प्रामाणिक भावांचा असू द्या. दोघं त्याच गावात राहणार आहेत. पोळ्याच्या दिवशी ज्याचा बैल मागे राहिला, तो वेशीवर काय करेल, आणि त्याला आवरायला तुमच्या राज्यात कोण उभं असेल, हे ठरवा आणि मगच दरबाराचं प्रकरण लिहायला घ्या. नमस्कार.