टेंभूचा संपादक

नमस्कार, श्रोतेहो.

टेंभू म्हटलं की आपल्याला पाणी आठवतं. कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचललेलं आणि आटपाडी, सांगोल्यापर्यंत गेलेलं. याच टेंभूत 14 जुलै 1856 रोजी गोपाळ गणेश आगरकर जन्मले. घरची परिस्थिती बेताचीच. शिकता शिकता कऱ्हाडात कधी कारकुनी केली, कधी दवाखान्यात कंपाउंडरकी. पुण्यात कॉलेजात असताना अंगात एकच सदरा. रात्री धुवायचा, सकाळी तोच घालायचा, असं सांगतात.

तिथूनच त्यांनी आईला पत्र लिहिलं. मोठमोठ्या परीक्षा देणाऱ्या मुलाला आता गलेलठ्ठ पगार मिळेल, अशी आशा धरू नकोस. पोटापुरतं मिळालं की बाकी वेळ मी लोकांसाठी घालवणार. काय वाटलं असेल हो त्या माउलीला!

जानेवारी 1881 मध्ये ‘केसरी’ निघाला, तेव्हा संपादक आगरकरच होते. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणांविषयी छापलेली पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकर दोघंही डोंगरीच्या तुरुंगात गेले. 101 दिवस एकत्र काढले, वादही भरपूर घातले.

मग वाटा फुटल्या. राजकारण आधी की समाजसुधारणा? आगरकरांना मनातलं ‘केसरी’त मोकळेपणी लिहिता येईना. 1887 मध्ये त्यांनी संपादकपद सोडलं आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. ब्रीद काय, तर ‘इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार’. सरकारवर टीका केली की वाचक टाळ्या देतो. पण हे वाचकाच्याच घरात शिरले! बालविवाह, विधवांचं केशवपन, सोवळंओवळं, काहीच सोडलं नाही. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याची मागणी तरी केवढी? शरीरसंबंधाला मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करा, एवढीच. त्यावरूनही रान पेटलं.

पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली, जिवंतपणी, त्यांच्याच दारावरून. आगरकरांनी ती डोळ्यांनी पाहिली, आणि ‘सुधारक’ चालूच राहिला.

जन्मभराचा दमा होताच. 17 जून 1895 रोजी ते गेले, चाळिशीही न गाठता. तेव्हा ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते. मागे एक पुरचुंडी सापडली म्हणतात. आत थोडे रुपये होते, स्वतःच्या अंत्यविधीसाठी बाजूला ठेवलेले.