बोजॅकनं आईला माफ केलं? माझं मत: नाही!

नमस्कार मंडळी! 'बोजॅक हॉर्समन'वर बोला, बोला म्हणून तुम्ही किती दिवस मागे लागलायत, तर आज बसले. मालिका पूर्ण पाहिली नसेल तर इथंच थांबा, मी सगळं सांगून टाकणार आहे.

ओळख पटकन उरकते. नेटफ्लिक्स, २०१४ ते २०२०, सहा सीझन, निर्माता राफाएल बॉब-वॅक्सबर्ग. नव्वदच्या दशकात टीव्हीवर गाजलेला, आता दारूत बुडालेला एक नट, आणि तो घोडा आहे. "कार्टूनच आहे ना, मुलांसोबत बघू का?" नका बघू. "पहिले भाग कंटाळवाणे वाटले." खरंय, पण आठव्यापर्यंत दम धरा.

आता मुद्द्यावर येते. दर दोन दिवसांनी एक कमेंट येते: "आईस्क्रीमचा सीन बघून ढसाढसा रडलो, शेवटी त्यानं आईला माफ केलं." रडले मीही. पण माफ केलं? कुठे केलं?

चौथ्या सीझनचा अकरावा भाग, 'टाइम्स ॲरो'. अख्खा भाग त्याच्या आईच्या, बिअट्रिसच्या, विरत चाललेल्या आठवणींतून दिसतो. माणसांच्या चेहऱ्यांवर नाक-डोळेच नाहीत. एका बाईचा चेहरा तर रागानं खरडून टाकल्यासारखा. शेवटी ती वृद्धाश्रमातल्या कळकट खोलीत बसलीय आणि बोजॅकनंच तिला तिथं रागाच्या भरात आणून टाकलंय. ती विचारते, मी कुठे आहे? तो सांगतो, तू मिशिगनच्या तुमच्या तळ्याकाठच्या घरी आहेस, भाऊ पियानो वाजवतोय, आईस्क्रीम खा. लहानपणी तिला नाकारलेलं तेच आईस्क्रीम. चव लागतेय का, विचारतो. ती म्हणते, किती छान लागतंय!

अहो, ही दया आहे. घाबरलेल्या म्हातारीला त्यानं धीर दिला. तिनं त्याच्याशी काय केलं, ते तिला आठवतच नाही, मग माफी कुणाला द्यायची?

पटत नसेल तर पाचव्या सीझनचा सहावा भाग बघा, 'फ्री चुरो'. आईच्या शवपेटीशेजारी उभा राहून बोजॅक जवळपास पूर्ण भाग एकटा बोलतो. मरताना ती "आय सी यू" म्हणाली. त्याला वाटतं, अखेर आईनं मला पाहिलं! तेच शब्द तो चाचपून बघतो आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात येतं, ती बहुतेक समोरची आयसीयूची पाटी वाचत होती. माफ केलेला मुलगा असा हिशेब मांडत बसेल का?

मला हे इतकं लागतं, कारण आमच्या घरात हे घडलंय. माझ्या चुलतभावानं लहानपणी वडिलांचा पट्ट्याचा मार खाल्ला. पुढे काका अंथरुणाला खिळले तेव्हा तीन वर्षं त्यांचं हगणं-मुतणं यानंच काढलं. दहाव्याला घाटावर कावळा काही शिवेना. सगळे त्याच्या मागे लागले, "म्हण रे, सगळं माफ केलं म्हण, म्हणजे शिवेल." तो हात जोडून उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकला. परतताना गाडीत एक आत्या म्हणाली, "दगड आहे मेला." मी तिच्या शेजारीच बसले होते. तीन वर्षं वडिलांना भरवणारा माणूस दगड? सेवा केली म्हणजे माफ केलं आणि माफ केलं नाही म्हणजे माया नाही, हे कुणी ठरवलं?

आणि ही मालिका पहिल्या सीझनपासून हेच सांगतेय! आठव्या भागात बोजॅक कॅन्सरनं आजारी असलेल्या जुन्या मित्राची, हर्बची, माफी मागायला जातो. हर्ब चक्क नाही म्हणतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना तो खडूस वाटतो. मला वाटत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्या हातात तेवढं एक 'नाही' तरी राहू द्या की!

गेल्या महिन्यात चुलतभावाला मी 'फ्री चुरो' पाठवला. शेवटी बोजॅक शवपेटी उघडतो आणि कळतं, हॉलच चुकलाय. समोर कुणातरी परक्याचे नातेवाईक बसलेत. रात्री साडेअकराला त्याचा फोन आला.

"म्हणजे तो बोलला ते आईपुढे नव्हतंच?"

"नाही रे."

बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण बोलला तरी."